तरंगती आगगाडी

हॉलंडमधील लाइडन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९११ च्या एप्रिल महिन्यात काचेच्या बारीक नळीतील पारा द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने थंड केला जात होता. तापमान शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसपर्यंत उतरले आणि विजेच्या प्रवाहाला पाऱ्याकडून होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. हाइके कामरलिंग ओनेस यांच्या या शोधाला अतिसंवाहकता असे नाव पडले. विरोध नाही म्हणजे उष्णता नाही. तेव्हा अशा तारेच्या वेटोळ्यातून वाटेल तेवढा प्रवाह खेळवून प्रचंड शक्तीचा चुंबक सिद्ध करता येईल, असा मनोरथ ओनेस यांनी रचला. परंतु दैवदुर्विलास असा, की चुंबकत्व जरा वाढले की ही अतिसंवाहकताच लोप पावते, हेही त्यांनाच आढळून आले. शिशाचे वेटोळे काही शेकडा गाऊसांपुढे टिकेना. पुढे जवळजवळ अर्धशतक हा मनोरथ तसाच पडून राहिला.

१९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत नायोबियम आणि कथिल यांचा संयुग ८८,००० गाऊसांच्या क्षेत्रातही आपला गुण सोडत नाही असे दिसले आणि कोंडी फुटली. जेम्स पॉवेल आणि गॉर्डन डॅन्बी या ब्रुकहेव्हनच्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये असे चुंबक आगगाडीला बसविण्याची योजना मांडली. मार्गाच्या कडेला साधी वेटोळी असावीत. धावत्या चुंबकामुळे त्यांत आपोआप प्रवाह उत्पन्न व्हावा आणि त्यानेच गाडी उचलून धरावी. उभी गाडी मात्र अशाने उचलली जात नाही. विमानाप्रमाणे तिलाही आरंभी चाकांवर दौडावे लागते.

अमेरिकन सरकारने १९७५ मध्ये या संशोधनावरचा हात आखडता घेतला. जपानी रेल्वेने मात्र चिकाटी सोडली नाही. मियाझाकी येथील सात किलोमीटरांच्या मार्गावर १९७९ साली निर्मनुष्य गाडीने ताशी ५१७ किलोमीटरांचा वेग गाठला. खरी परीक्षा पुढेच होती. प्रयोगशाळेत निश्चल बसलेला चुंबक वेगळा आणि धावत्या गाडीत हादरे सोसणारा वेगळा. तार केसभर हलली तरी घर्षणाने किंचित ऊब निर्माण होई आणि तेवढ्यानेच चुंबकाची सारी शक्ती क्षणात मावळे. वेटोळ्यांची बांधणी अधिकाधिक घट्ट करीत करीत हा दोष घालविण्यात आला. १९९१ मध्ये तर चाकांपासून मुक्त होऊ पाहणारी गाडी एका चाकाच्या घर्षणानेच पेटली आणि भस्मसात झाली. आगगाडी हे नाव तिने असे सार्थ करावे हे विलक्षणच!

यामानाशी येथील नव्या मार्गावर २१ एप्रिल २०१५ रोजी माणसांना घेऊन धावणाऱ्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटरांचा विक्रम केला. जमिनीपासून सुमारे दहा सेंटिमीटर वर ती तरंगत होती. तोकियो ते नागोया हा मार्ग २०२७ मध्ये खुला व्हावयाचा होता. पण बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी आटेल या भीतीने शिझुओका प्रांताने आपल्या हद्दीतील काम अडवून धरले आणि २०२४ च्या मार्चमध्ये ती मुदत सोडून द्यावी लागली.