साताऱ्याहून परतलेला मुलगा

आमचे गाव चिपळूणहून घाटावर जाणाऱ्या सडकेला लागून आहे. कुंभार्ली घाट चढणारी आणि उतरणारी प्रत्येक एस.टी. माझ्या ओट्यावरून दिसते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका संध्याकाळच्या गाडीतून माझा एक जुना विद्यार्थी उतरला आणि घरी न जाता तडक माझ्याकडे आला. घाटावर सैन्याची भरती होती. धावण्यात तो पहिल्या दहांत आला होता. पण छातीचे माप एका सेंटीमीटरने कमी भरले आणि त्याला परत पाठविण्यात आले. पिशवी पायाशी ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, आईला काय सांगू ते सुचेना, म्हणून आधी इकडं आलो. आता पुढं काय?"

मला उत्तर देता येईना. माझी स्वतःची मजल मॅट्रिकपुढे गेली नाही. चाळिशी उलटून गेली. मास्तरकी करता करता दोन कादंबऱ्या लिहिल्या; तिसरी चार वर्षे अर्धवट बासनात पडून आहे. हेच करीत राहावे की सारे गुंडाळून निमूट शिकवण्या कराव्यात, हा प्रश्न मलाही रात्री-अपरात्री जागे करतो. ज्याला स्वतःची वाट सापडत नाही त्याने दुसऱ्याला काय दाखवावी? पण मुलगा समोर बसला होता. समोरचा घाट अंधारात बुडत होता आणि त्या घाटानेच मला एक गोष्ट आठवून दिली.

सन १८७५. दापोली तालुक्यातील मुरुडचा धोंडो केशव कर्वे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी साताऱ्याला निघाला. परीक्षा उतरली म्हणजे शिक्षकाची नोकरी मिळण्याजोगी होती आणि घरची गरिबी पाहता तेवढे पुरे होते. पावसापाण्यात, डोंगर ओलांडीत, शंभर मैलांहून अधिक वाट तो सोबत्यांबरोबर पायी चालून गेला. साताऱ्याला परीक्षामंडळाच्या प्रमुखांनी या ठेंगण्या, किरकोळ पोराकडे पाहिले. हा सतरा वर्षांचा असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. परीक्षेला न बसताच मुलगा परत फिरला.

"म्हणजे माझ्यासारखंच," विद्यार्थी म्हणाला.

तेवढ्यापुरते, होय. पुढच्या वर्षी कर्वे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु तोवर इंग्रजी शिकावे अशी ओढ लागली होती. मॅट्रिक होईपर्यंत वय तेवीस झाले, साल १८८१. त्याआधीच लग्न झालेले होते. मुंबईत शिकवण्या करून त्यांनी १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. केले आणि मुलींच्या शाळांतून शिकवू लागले. येथपर्यंत या माणसाच्या आयुष्यात थोर म्हणावे असे काहीच नाही. चिकाटी आहे, पण चिकाटी कोकणात घरोघर आहे.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई वारल्या आणि पदरी लहान मुलगा राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास बोलाविले. टिळक १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडून गेल्याने ती जागा रिकामी झाली होती. एका माणसाने आपली वाट बदलली म्हणून दुसऱ्याला वाट मिळाली. इतिहासात अशा जागा पुष्कळ असतात. आपण निघून जाणाऱ्याकडेच पाहत राहतो.

पुण्यात आल्यावर पुन्हा लग्नाचा विषय निघाला. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी मिळणे अवघड नव्हते. लग्न करायचे तर विधवेशीच, असे कर्व्यांनी ठरविले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. आठव्या वर्षी विधवा झालेल्या या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. पुढे त्या आनंदीबाई, सर्वांच्या 'बाया' झाल्या. मुरुडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्कार घातला. आईने मुलाला घरात घेतले तर तिच्यावरही बहिष्कार, असा ठराव झाला.

आता कोणासही वाटेल की या माणसाला आपली दिशा सापडली. त्यालाही तसे वाटले असावे, कारण त्याच वर्षी त्याने विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली. परंतु दोन-तीन वर्षांत ध्यानात आले की अशा विवाहांनी सुटणाऱ्या स्त्रिया थोड्या; उरलेल्या हजारोंना हवे आहे ते शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवावे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्याला चालत जावे, असा क्रम कित्येक महिने चालला.

ज्यासाठी बहिष्कार सोसला तेच काम दुय्यम करायचे, हे सोपे नाही. लोक धरसोडपणा म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपले मनच तसे म्हणू लागते. मला विचाराल तर कर्व्यांचा मोठेपणा मला घाट चढण्यात दिसत नाही, या वळणात दिसतो. त्यांनी वाटेला जीव लावला नाही. जिच्यासाठी वाट धरली त्या विधवेवरची नजर हलू दिली नाही.

मात्र या वळणाची किंमत एकट्या कर्व्यांनी दिली नाही. शिल्लक पैसा, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला गेली आणि संसाराची ओढाताण बायांनी केली. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, पुनर्विवाहित म्हणून लोक बिचकतील या भीतीने विधवांच्या त्या आश्रमापासून बायांनाच दूर राहावे लागले. त्यांचे 'माझे पुराण' ज्यांनी वाचले आहे, त्यांना थोर पुरुषाच्या निर्णयाची दुसरी बाजू कळलेली आहे.

१९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. छप्पन वर्षांचा माणूस. पुढे काय, हा प्रश्न संपलेला असावा. १९१५ च्या अखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती होती. आधी चाळून बाजूला ठेवलेली ती पुस्तिका आता त्यांनी नीट वाचली. १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ साली समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

गोष्ट संपली तेव्हा पोराने जे विचारले ते माझ्या अनेक वर्षांच्या मास्तरकीला भारी होते. "पण गुरुजी, त्यांना पुढच्या वर्षी बसू दिलं. माझं तर भरतीचं वय निघून जाईल. मग?"

खरे होते. अपयशातूनच मोठेपण येते असे मी त्याला सांगितले असते तर ती लबाडी झाली असती. नाना परीक्षांच्या दारांतून परत फिरलेल्या इतर मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतले कोणी शेती केली असेल, कोणी कारकुनी. आणि त्यांचे आयुष्य वाया गेले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. मी एवढेच म्हणालो, "साताऱ्याहून परतताना त्या मुलाला हिंगणे दिसत नव्हते. विद्यापीठ तर नव्हतेच नव्हते. त्याला पुढच्या वर्षीची परीक्षा तेवढी दिसत होती. तुला काय दिसतंय?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उद्या आईला सांगायचंय, एवढंच दिसतंय."

"उद्या नव्हे, आज," मी म्हणालो आणि कंदील घेऊन त्याच्याबरोबर निघालो.

सध्या तो सकाळी भाताच्या गिरणीवर काम करतो आणि संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर धाकट्या मुलांना पळायला शिकवितो. ही त्याची दिशा आहे असे मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. पण मुले पाच वाजल्यापासून त्याची वाट पाहत उभी असतात.

आणि माझे? गेल्या आठवड्यात मी बासन सोडले. रात्री जागून लिहायचे तर शिकवण्या कमी होणार, म्हणजे घरात पैसा कमी येणार. म्हणून या खेपेस पहिली ओळ लिहिण्याआधी सौभाग्यवतींना विचारले. त्यांनी हिशेबाची वही मागितली आहे. उत्तर अजून मिळायचे आहे.