घोडा तक्रार नोंदवत नाही

ऑनसाइटला असताना लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला ग्रॅनाइटचे लांबलचक हौद दिसायचे. आत पाण्याऐवजी फुलझाडं! आपल्याकडे विहिरीपाशी गुरांसाठी दगडी डोण असते ना, तस्संच. भर शहरात गुरं कुठून आली बुवा? एका शनिवारी शोधत बसलो, त्याची ही गोष्ट.

१८५९ साली सॅम्युअल गर्नी आणि एडवर्ड वेकफिल्ड यांनी लंडनकरांना फुकट, स्वच्छ पाणी मिळावं म्हणून एक संस्था काढली. १८६७ मध्ये तिने गुरांचे हौदही आपल्या नावात घेतले. तेव्हाचं ट्रॅफिक म्हणजे घोडेच! त्यांना पाणी पाजायचं तर गुत्त्यापाशी थांबा, वर पैसे मोजा नाहीतर बीअर घ्या. संस्थेच्या हौदावर सगळं फुकट, आणि खाली कुत्र्यांसाठी छोटं कुंडही. (याच संस्थेमार्फत मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी दिलेलं, १८६९ चं कारंजं रीजंट्स पार्कात आजही उभं आहे.)

असा हौद भरलेला ठेवायचा सोपा उपाय म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक. पाणी उतरलं की फुगा उतरतो, व्हॉल्व्ह उघडतो. घोड्याला काही शिकावं लागत नाही. यूजर ट्रेनिंग शून्य!

पण एक बग होता. पाणी सगळ्यांचं एकच. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोग, माणसालाही होणारा. आजारी घोड्याच्या नाकातला स्राव हौदात पडला की पुढच्याला प्रसाद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक शहरांनी हौद बंद करून नळ बसवले. गाडीवाल्याने आपापली बादली आणायची. रोगाला आळा बसला, पण घोडा पुन्हा मालकाच्या आठवणीवर अवलंबून!

पुढे पोल्ट्रीत आणि प्रयोगशाळांत निपल व्हॉल्व्ह आला, त्याने दोन्ही साधलं. आत एक पिन. कोंबडीने चोचीने किंवा उंदराने जिभेने ती हलवली की थेंब येतो, सोडली की बंद. साठलेलं पाणी नाही आणि मालकाची वाट बघणंही नाही.

मग प्रश्न सुटला? नाही ना. पिन उघडी अडकली तर बंद पिंजऱ्यात पाणी भरून उंदीर बुडतात. बंद अडकली तर तहानेने मरतात. रिकामा हौद रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसायचा. बंद पडलेला निपल मात्र चालू असलेल्यासारखाच दिसतो. म्हणून माणसाने रोज फिरून एकेक व्हॉल्व्ह दाबून बघायचा, याला पर्याय नाही. निदान बंद पडल्यावर स्वतःच ओरडेल अशी सोय तरी हवी.

आपण 'एकही तक्रार आली नाही' म्हणून रिलीज यशस्वी ठरवतो. ज्यांना तक्रार करताच येत नाही, त्यांचं काय?

असो. गच्चीवर कबुतरांसाठी ठेवलेलं भांडं भरून येतो.