लघवीची नळी निसटली तर घरी काय करायचं, काय नाही

उंब्रज : लकवा झालेले, प्रोस्टेट वाढलेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले पेशंट हल्ली दवाखान्यातून लवकर घरी येतात आणि लघवीची नळी बरोबर घेऊन येतात. ती आत कशी टिकून राहते हे घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. आमच्या आबांच्या वेळी आम्हालाही नव्हतं.

नळीला टाके वगैरे नसतात. टोकाजवळ छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचल्यावर सिस्टर सिरिंजने त्यात साधारण १० मिली निर्जंतुक पाणी भरतात, फुगा छोट्या लिंबाएवढा होतो आणि नळी बाहेर येत नाही. बाहेर दोन तोंडं दिसतात. एक पिशवीला जोडलेलं, दुसरं रंगीत, ते फुग्याचं. त्या रंगीत तोंडाशी घरी खेळायचं नाही आणि नळी कापायची तर अजिबात नाही.

आबा रात्री झोपेत उठून बाथरूमला निघाले. पिशवी कॉटच्या दांड्याला तशीच अडकवलेली. हिसका बसला आणि नळी निम्मी बाहेर आली. रक्त बघून घरात रडारड. शेजारच्या एकाने सांगितलं, धुऊन ढकला परत आत. मी हातपण धुतले होते. तेवढ्यात ओळखीच्या सिस्टरने फोनवर अडवलं.

कारण असं, की अशा वेळी फुगलेला फुगा मूत्रमार्गात अडकलेला असू शकतो. ढकलली तर जखम वाढते, जंतू आत जातात. ओढली तर मार्ग फाटतो आणि पुढे तिथं अरुंदपणा येऊन लघवीला कायमचा त्रास होतो. म्हणून नळी आहे तिथंच मांडीला चिकटपट्टीने अलगद धरून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. पूर्ण निघाली असेल तर फेकू नका, बरोबर न्या. फुगा फुटून त्याचा तुकडा आत राहिलाय का, ते डॉक्टर बघतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.

न दिसता सरकलेली नळीही ओळखता येते. पिशवी रिकामी, नळीच्या कडेने लघवी गळते, ओटीपोट टम्म फुगून दुखतं. आधी नळी मुडपली आहे का, पिशवी कमरेच्या खाली आहे का, एवढं बघा. बद्धकोष्ठानेही गळती होते. हे सगळं ठीक असूनही लघवी उतरत नसेल तर सकाळची वाट बघू नका आणि ‘भरपूर पाणी पाजा’ हा सल्लाही तेव्हा ऐकू नका. थंडी-ताप, रक्ताच्या गाठी असल्या तरी तसंच. मणक्याला मार लागलेल्या पेशंटला अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर एक मिनिटही घालवू नका, रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढतो.

पोटातून, बेंबीखालून नळी घातली असेल तर घाई अजून जास्त. ते भोक काही तासांतच आकसायला लागतं.

आपल्याकडून कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. गाडी नसेल तर १०८ आहेच.

आबांना दुसरी नळी बसवली. तेव्हापासून ती मांडीला थोडी सैल ठेवून चिकटवतो, पिशवी निम्म्याच्या वर भरू देत नाही, आणि उठवायच्या आधी पिशवी हातात घेतो, मग आबांना.