वसईचा पाडाव, १७३९

१२. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि १५३४ पासूनचा पोर्तुगीज अंमल संपला. लेखक या घटनेची सांगड बायबलमधील यरुशलेमच्या पाडावाशी घालतात. हा श्रद्धेचा अन्वयार्थ आहे, पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष नव्हे; वाचकाने दोहोंची गल्लत करू नये. मराठ्यांनीही हा विजय श्रद्धेनेच वाचला : नवसापोटी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले, चर्चच्या घंटा देवळांत टांगल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मरियेची आकृती आजही दिसते. मात्र लेखकांची तुलना एका जागी तोकडी पडते. यरुशलेमची प्रजा बाबेलला नेली गेली. वसई सोडून गेले ते मुख्यतः पोर्तुगीज. शरणागतीच्या अटींत उपासनेची मुभा होती. स्थानिक ख्रिस्ती बागायतदार आणि कोळी आपापल्या गावीच राहिले, त्यांची धर्मसेवा गोव्याकडच्या धर्मगुरूंनी सांभाळली. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा वचक या मुलखावरही होता, हे लेखकांनी गाळले आहे. श्रद्धेने इतिहास वाचायचा, तर पश्चात्तापाचे पानही उलटावे लागते. – संपा.