मुळशीचे सावकार आणि ‘सावकारी पाश’

मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. इतिहास सेनापती बापटांपाशी थांबतो. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. ते भरपाईवर राजी झाले, कसणारा मावळा मात्र उठवला गेला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. देवादिकांच्या चित्रपटांच्या काळात हे धाडसच! बाबूराव मूळचे मेस्त्री, कारागीर घरातले. कॅमेराही स्वतः घडवलेला. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये सोलून काढलेला सावकार त्यांनी पडद्यावर आणला. आमचा सवाल एवढाच: गहाण टाकायलाही ज्याच्याकडे जमीन नव्हती, तो भूमिहीन कुठे आहे? मितभाषी बाबूराव पुढे स्वतःची कंपनी सोडून चित्र-शिल्पांकडे वळले. तरी १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपट करून पुन्हा काढला.