गाडी आपली, वीज कोणाच्या मीटरची?

आमच्या बारामतीच्या इमारतीखाली जी पार्किंगची जागा आहे, तीत परवापरवापर्यंत आठ मोटारी, वीसेक स्कुटरी आणि एक मांजर यांचा संसार सुखाने चालला होता. पुढे दुसऱ्या मजल्यावरील बाईंच्या मुलाने विजेची रिक्षा घेतली. घर तिच्यावर चालावयाचे. दिवसभर ती गावात फिरे आणि रात्री उपाशी परते. मुलाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांबलचक वायर खाली सोडली, आणि सोसायटीत महाभारत उभे राहिले.

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. भांडण मिटवण्याऐवजी तसले भांडण पूर्वी कधी झाले होते, हे शोधत बसावयाचे ही माझी खोड. पुस्तके चाळली आणि चकित झालो. 1900 साली अमेरिकेत 4,192 मोटारी बनल्या. त्यांत वाफेच्या 1,681, विजेच्या 1,575 आणि पेट्रोलच्या अवघ्या 936! विजेच्या गाडीला धूर नव्हता की हँडल मारण्याची कसरत नव्हती. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लाराबाई 1914 ची विजेची गाडी चालवीत असत. घरचा धनी पेट्रोलच्या गाड्या विकून गबर होत असताना, बरे का!

पण गाडी रात्री बांधावयाची कोठे? पुष्कळांच्या घरी वीजच नव्हती. म्हणून शहरांत मोठमोठी गॅरेजे निघाली. घोडा तबेल्यात ठेवावा तशी गाडी तेथे ठेवावयाची. रात्रीतून ती धुऊन, भरून, सकाळी दारात हजर. ज्यांच्या घरी वीज होती त्यांची अडचण निराळी. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि तारेतून बहुधा उलटसुलट वाहणारी यावयाची. पीटर कूपर ह्यूइटने 1902 साली पाऱ्याच्या दिव्यासारखे एक यंत्र काढले, तेव्हा ती अडचण सरली. आता तेच काम करणारा भाग गाडीच्या पोटातच असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे बव्हंशी शहाणा पहारेकरी.

तरीही विजेची गाडी हरली. 1912 च्या कॅडिलॅकला बटणाने सुरू होणारे इंजिन आले, हँडल गेले. शिवाय पेट्रोल डब्यातून खेड्यात पोचे. तारा पोचावयास कित्येक वर्षे लागली.

आता आमच्या गावचेच पाहा. पियाजोचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. ‘आपे’ म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, हे येथे रोज तीत बसणाऱ्यांना कोणी सांगितलेले नसते. 2019 अखेर कंपनीची विजेची रिक्षा आली ती बॅटरी बदलून घ्यावयाची. 2021 साली आली ती घरी भरावयाची. म्हणजे मधमाशी आमच्याच गावची, आणि पोळ्याला जागा नाही!

कायद्यानेही आम्हांला हात दिला नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये केंद्राने नमुना बांधकाम नियमांत वीस टक्के वाहनांच्या भरणाची सोय सांगितली, पण ती नव्या इमारतींसाठी. आमची 1994 ची. जानेवारी 2022 च्या मार्गदर्शनात घरच्याच जोडणीवर गाडी भरण्यास मोकळीक दिली. पण मीटरपासून रिक्षापर्यंतची भिंत सर्वांच्या मालकीची, तिला भोक कोणी पाडावयाचे?

सभा तीन झाल्या. ‘आग लागेल’, ‘बिल आमच्या माथी येईल’, ‘आज रिक्षा, उद्या टेम्पो’. बाई कोपऱ्यात गप्प बसून होत्या. शेवटी वायरमनला बोलावले. त्याने मीटरची खोली पाहिली, मंजूर भार विचारला आणि म्हणाला, “एका गीझरएवढी तर वीज घेते ही! भीती चार्जरची नाही, त्या खिडकीतल्या वायरीची धरा.”

मग काम दोन दिवसांत झाले. बाईंच्याच मीटरवरून, त्यांच्याच खर्चाने, तुळईच्या कडेने पाइपातून जाड केबल आली. स्वतंत्र अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारे बटण, आणि पेटी छातीच्या उंचीवर. कारण पावसाळ्यात रस्त्याचे पाणी आत शिरते. पाण्याचा पंप आणि गीझर ज्या वेळी चालतात ती वेळ टाळून रिक्षा रात्री अकरानंतर भरावयाची, असे ठरले. मी मात्र हट्टाने पाइप चार केबली मावतील एवढा घेण्यास लावला.

परवा पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, ‘आग लागेल’ म्हणणारे, हळूच विचारीत होते, पाइपात आणखी एक केबल खरोखरच जाईल ना?