भारतातील विद्युत मोटारी आणि जीवाश्म इंधनांचा प्रश्न

पेट्रोल व डिझेलवरील मोटारींची जागा विजेवरील मोटारींनी घेतल्यास जीवाश्म इंधनांचा वापर खरोखर किती कमी होतो, हा भारताच्या वाहतूक व ऊर्जा धोरणातील एक प्रमुख वादविषय आहे. विद्युत मोटार धूर सोडत नाही. परंतु तिच्या बॅटरीत भरली जाणारी वीज देशात बहुतांशी कोळसा जाळून तयार होते. या वाहनांसाठी 'ई-वाहन' हा संकरशब्द वृत्तपत्रांनी रूढ केला असला, तरी बोलण्यात 'इलेक्ट्रिक गाडी' हेच नाव चालते.

पार्श्वभूमी

'रेवा' ही छोटी विद्युत मोटार २००१ मध्ये बंगळूरु येथून बाजारात आली. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने विकली गेली. भारतात मात्र तिला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. केंद्र सरकारने एप्रिल २०१५ मध्ये 'फेम' ही अनुदान योजना सुरू केली आणि २०१९ मध्ये १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह तिचा दुसरा टप्पा आणला. याच वर्षी विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के करण्यात आला. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉनची विद्युत आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आल्यानंतर मध्यमवर्गीय ग्राहक या मोटारींकडे वळू लागला.

२०३० पर्यंत सर्वच नव्या मोटारी विजेवरच्या असाव्यात, असे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री बोलत होते. हा आग्रह पुढे सोडून देण्यात आला. प्रत्यक्षात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत विद्युत मोटारींचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. विजेवरील वाहनांचा खरा प्रसार दुचाकींत आणि ई-रिक्षांत झाला आहे, ही गोष्ट मोटारींवरील चर्चेत बहुधा नजरेआड होते.

उत्सर्जनाचा हिशेब

वादाचे मूळ साध्या अंकगणितात आहे. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला १०० किलोमीटरसाठी सुमारे १५ युनिट लागतात, असे धरले तर उत्सर्जन साडेदहा किलो होते. तारांमधील व चार्जिंगमधील गळती मिळवल्यास ते १३ किलोच्या घरात जाते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे लिटरला १६ किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्याच अंतरात १४ किलोंहून थोडे अधिक उत्सर्जन करते. फरक आहे, पण जाहिरातींवरून वाटतो तेवढा नाही.

लिटरला २४ किलोमीटर धावणारी हायब्रिड मोटार याच हिशेबात दहा किलोंच्या आत राहते. मारुती सुझुकी आणि टोयोटा या कंपन्यांनी हायब्रिड मोटारींनाही करसवलत मागितली, तिचा आधार हाच आहे. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये अशा मोटारींना नोंदणी करातून सूट दिली, तेव्हा विद्युत मोटारींत भांडवल गुंतवलेल्या कंपन्यांनी तिला विरोध केला. वरील हिशेबात खनिज तेल काढणे, शुद्ध करणे व वाहून आणणे यांतील उत्सर्जन धरलेले नाही, तसेच बॅटरी तयार करतानाचेही नाही. पहिले धरले की पेट्रोलची बाजू पडती होते, दुसरे धरले की विजेची.

विद्युत मोटारीच्या समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा काळाशी निगडित आहे. पेट्रोलची मोटार भंगारात जाईपर्यंत पेट्रोलच जाळते. वीजनिर्मितीत सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढला की विद्युत मोटार मात्र त्याच रस्त्यावर आपोआप अधिक स्वच्छ होत जाते. येथे एक गल्लत टाळली पाहिजे. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा भाग जीवाश्मेतर स्रोतांचा झाला, पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. शिवाय सौर वीज दिवसा मिळते आणि घरची मोटार बहुधा रात्री चार्जिंगला लावली जाते.

प्रदूषणाचे स्थलांतर

कार्बन डायऑक्साइड कोठेही सोडला तरी परिणाम सारखाच. राख व गंधकाच्या वायूंचे तसे नाही. मुंबई-पुण्याच्या चौकातील हवा सुधारते, तेव्हा वाढीव विजेचा भार औष्णिक केंद्रांवर पडतो. २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र असलेल्या चंद्रपूरची गणना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. अर्थात, एका उंच धुराड्यावर शुद्धीकरण यंत्रणा बसवणे हे लाखो मोटारींचा धूर आवरण्यापेक्षा सोपे आहे. पण ती बसेपर्यंत शहराच्या स्वच्छ हवेची किंमत चंद्रपूरकर मोजतात, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

परावलंबन

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. विजेसाठी लागणारा बहुतांश कोळसा मात्र देशातच निघतो, त्यामुळे परकीय चलनाच्या दृष्टीने विद्युत मोटार निश्चितच लाभाची आहे. यावरचा प्रतिवाद असा की, बॅटरी व चुंबकांसाठी लागणाऱ्या खनिजांच्या शुद्धीकरणावर चीनचे वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतीय वाहन उद्योगाची कोंडी झाली. जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा अंदाजित साठा असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. मात्र लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत.

महसूल आणि महाराष्ट्र

पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून त्यांवरील मूल्यवर्धित कर हे राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. विद्युत वाहने वाढली की हे उत्पन्न घटते, आणि सवलतींचा भारही राज्यांवरच पडतो. महाराष्ट्राने २०१८, २०२१ व २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरणे जाहीर केली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता; टीकेनंतर त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. उलट नव्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकरमाफी दिली. तीस लाखांची मोटार घेणाऱ्याला पथकर माफ असावा आणि एसटीच्या प्रवाशाने तिकिटाचे पूर्ण पैसे भरावेत, ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

रोजगाराचा प्रश्न तुलनेने कमी चर्चिला जातो. विद्युत मोटारीला पिस्टन, क्लच किंवा धूर बाहेर टाकणारी नळी लागत नाही. भोसरी, चाकण व वाळूज येथील लहान कारखान्यांपैकी अनेकांचा चरितार्थ याच सुट्या भागांवर चालतो.